थोडक्यात गेलेली पोस्ट : निकालानंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात नंदनवन भागात अभ्यासिका चालवते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससीच्या) राज्यसेवा, संयुक्त गट ब आणि गट क या परीक्षा, शिवाय तलाठी, पोलीस भरती, सगळ्यांचीच तयारी करणारी मुलंमुली इथे बसतात. बरीचशी काटोल, उमरेड, भंडारा, गोंदियाकडून आलेली, खोली करून आणि मेसचा डबा लावून राहणारी. निकाल लागला की पुढचा महिना-दीड महिना तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ही उत्तरं मेरिटच्या तोंडाशी जाऊन परत आलेल्यांसाठी आहेत. पार मागे राहिलेला उमेदवार थोड्या दिवसांत सावरून कामाला लागतो, हे मी पाहत आले आहे. अर्ध्या मार्काने गेलेला मात्र त्या अर्ध्या मार्काशीच भांडत बसतो आणि पुढचे सगळे निर्णय त्या भांडणातूनच घेतो. मला काळजी त्याची वाटते.

एका मार्काने गेलं. म्हणजे मीच कमी पडलो ना?

काही अंशी. पण किती अंशी, ते कागदावर मांडून बघा.

कट-ऑफ आधी ठरलेला नसतो. शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराला जेवढे गुण असतात, तो कट-ऑफ. आता तो शेवटचा उमेदवार कोण, हे कशावरून ठरतं? जाहिरातीत जागा किती होत्या, तुमच्या प्रवर्गाला किती आल्या, त्यातल्या महिलांच्या ३० टक्के, माजी सैनिकांच्या १५ टक्के, खेळाडूंच्या ५ टक्के, अनाथांच्या १ टक्का अशा समांतर आरक्षणात किती गेल्या, आणि त्या दिवशी बाकीच्यांनी किती गुण घेतले. तुमचा पेपर तोच, गुण तेच, आणि जाहिरातीत चार जागा जास्त असत्या तर आज तुम्ही पेढे वाटत असता. गुण समान झाले तर प्राधान्यक्रम लागतो, त्यात वयाने मोठा असलेला पुढे जातो. म्हणजे कधीकधी जन्मतारखेवरही पोस्ट जाते.

वेगवेगळ्या शिफ्टमध्ये पेपर झाला असेल तर सामान्यीकरणही (नॉर्मलायझेशन) असतं, म्हणजे कुठल्या शिफ्टचा पेपर किती सोपा-अवघड होता ते बघून गुण जुळवून घेतात. २०२३ च्या तलाठी भरतीत २०० गुणांच्या परीक्षेत काहींना २०० हून जास्त गुण दिसले, ते त्याचमुळे. अशा यादीत पाऊण गुणाच्या फरकावरून कोण जास्त हुशार हे सांगता येत नाही.

आता तुमच्या हातातला भाग. संयुक्त पूर्व परीक्षेत १०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. अर्ध्या मार्काने गेलं असेल तर दोन तुक्के कमी मारले असते तरी चाललं असतं. हे शिकण्यासारखं आहे, शिकून घ्या. पण ‘मी तसाच आहे, माझ्याकडून काही होतच नाही’ असं जे मन म्हणतं, त्याला त्या यादीत कुठलाच आधार नाही.

निकाल लागून दोन-चार दिवसच झालेत. आत्ता काय करू?

जेवा, झोपा, शक्य असेल तर घरी जाऊन या. पेपर पुन्हा सोडवू नका. टेलिग्रामचे ग्रुप म्यूट करा, तिथे निकालानंतरचे दहा दिवस फक्त कट-ऑफचीच चर्चा असते.

कुठलाही मोठा निर्णय या दिवसांत नको. खोली सोडायची नाही, पुस्तकं रद्दीत द्यायची नाहीत, ‘आता सगळं बंद’ असं वडिलांना सांगायचं नाही, आणि रागाच्या भरात पुढच्या वर्षाच्या क्लासची फीही भरायची नाही. फक्त तारखा निसटू देऊ नका. उत्तरतालिकेवरच्या हरकती, पुढच्या जाहिरातीचा फॉर्म, कागदपत्रं अपलोड करायची मुदत, यांवर लक्ष ठेवायला एखाद्या मित्राला सांगा. तुमचं डोकं त्या आठवड्यात तारखा लक्षात ठेवायच्या अवस्थेत नसतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

झोप लागत नाही, कशात मन नाही. जगून काय करायचं असं वाटतं.

हे आत्ता तुम्हाला लागू असेल तर बाकीचं पान नंतर वाचा. १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानस सेवा आहे, सरकारी, मोफत, रात्री-अपरात्रीही सुरू, आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी जवळ आलाय असं वाटलं तर ११२ लावा. नागपुरात असाल तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार विभागाच्या ओपीडीत सरळ जाता येतं, आणि मानकापूरकडे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे गेल्याने तुमच्यावर कुठला शिक्का बसत नाही.

आणि आज रात्री एकटे राहू नका. रूम पार्टनरला उठवा आणि हेच शब्द सांगा : ‘मला भलतेसलते विचार येतायत, तू जागा राहा.’ अर्धवट विनोद करून सांगू नका, समोरच्याला ते कळत नाही.

रूम पार्टनर असाल तर हे वाचा. कुणी अचानक सगळ्यांचे उसने पैसे फेडायला लागला, आपली पुस्तकं वाटून टाकायला लागला, किंवा ‘आता तुम्हाला त्रास नाही देणार’ असं म्हणाला, तर त्याला स्पष्ट विचारा की मरायचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. मग त्याच्याजवळ थांबा आणि फोन लावून द्या.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक आणि लक्ष तिन्ही गेलेलं असेल, तर असले विचार येत नसले तरी डॉक्टरांकडे जा. मलेरियाला गोळी घेता, तसंच हे.

घरी कसं सांगू? बाबांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलंय.

त्याच दिवशी सांगा, आणि फोनवर सांगा, मेसेज करू नका.

आमच्याकडे उमरेडकडची एक मुलगी होती. मुलाखत देऊन आली होती, सगळ्यांना खात्री होती. निकालाची पीडीएफ आली तेव्हा तिने आधी बैठक क्रमांक शोधला, मग आडनाव, मग नाव, मग दुसऱ्याच प्रवर्गाच्या यादीत जाऊन परत बैठक क्रमांक. मोबाईलची काच दोन बोटांनी मोठी-लहान करत ती तास-दीड तास त्या आठ पानांत होती. घरी मात्र ‘अजून लागला नाही’ असं सांगत राहिली. वडिलांना कळलं ते गावातल्या दुसऱ्या पोराच्या स्टेटसवरून, तेही पानठेल्यावर, चारचौघांत. सकाळच्या एसटीने ते इथे आले. मला वाटलं निकालावरून बोलतील. ते एवढंच म्हणाले, ‘पोस्ट गेली तं गेली, पण मले पानठेल्यावर काऊन कळलं?’

म्हणून लवकर सांगा. लांबलचक नको, चार वाक्यं पुरतात : ‘बाबा, निकाल लागला. माझं नाव नाही. तीन मार्कांनी गेलं. मी ठीक आहे, शनिवारी घरी येतो.’ त्याच फोनवर ‘पुढच्या वेळी नक्की’ असं वचन देऊ नका. ते वचन पुढे तुमच्याच मानगुटीवर बसतं, आणि थांबायची वेळ आली तरी थांबू देत नाही.

नातेवाईक विचारतात, ‘काय झालं तुझ्या त्या परीक्षेचं?’

‘थोडक्यात राहिलं, पुढचं ठरवतोय’ एवढं सांगा आणि त्यांच्या घरचं विचारा. कट-ऑफ, नॉर्मलायझेशन, वेटिंग हे लग्नाच्या पंगतीत समजावत बसायची गरज नाही.

माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याची पोस्ट निघाली. त्याला तोंड कसं दाखवू?

त्रास होणारच. त्याच्या नोट्स तुम्ही काढून दिलेल्या असतात, त्याची मॉक मुलाखत तुम्ही घेतलेली असते. एक फोन करून अभिनंदन करा आणि सत्काराला जायचं नसेल तर जाऊ नका. खरा मित्र समजून घेतो. महिन्याभराने त्याच्याकडे जा आणि एकच नेमकी गोष्ट विचारा : ज्या पेपरात तुमचे गुण पडले, तो त्याने कसा सोडवला. सत्कारातल्या भाषणातून हे कधी कळत नाही, चहाच्या टपरीवर कळतं.

आणि ज्यांची पोस्ट निघाली आहे त्यांच्यासाठी, कारण तेही हे वाचतात. तुमच्या हातात आधीच वरची पोस्ट असेल आणि खालच्या यादीतही नाव असेल, तर आयोग भरतीतून बाहेर पडण्याचा विकल्प देतो. तो मुदतीत भरा. आळसाने राहून गेला तर खालचा एक जण घरी बसतो. असा विकल्प न भरल्याने एखाद्याचं वर्ष गेलं की मला फार वाईट वाटतं, कारण तो फॉर्म भरायला पाच मिनिटं लागतात.

नाव वेटिंगवर आहे. थांबू का?

आशा ठेवा, पण थांबू नका. वेटिंग म्हणजे वरचा कुणी रुजू झाला नाही, कागदपत्रांत बाद झाला, किंवा दुसरीकडे गेला, तरच तुमचा नंबर. यादीची मुदत असते, ती जाहिरातीत आणि संबंधित शासन निर्णयात बघा. यादीत नाव आलं म्हणजे नेमणुकीचा हक्क मिळाला असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शंकरसन दाश प्रकरणात सांगून ठेवलं आहे. आठवड्यातून एकदा संकेतस्थळ बघा. दिवसातून दहा वेळा नको. दरम्यान वेटिंग नाहीच असं धरून पुढचा अभ्यास किंवा काम सुरू करा.

माझ्यावर अन्याय झालाय असं वाटतं. काय करता येईल?

आधी अन्याय झालाय की दुःख झालंय, हे वेगळं करा. त्यासाठी कागद लागतात.

स्वतःची उत्तरपत्रिका आणि गुण आयोग किंवा विभाग देत असेल तर ते आधी काढा. नसेल तर माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा, अर्जाला १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील, तेही ३० दिवसांच्या आत, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ नागपुरात आहे, मुंबईला जावं लागत नाही. उमेदवाराला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं. मात्र २०१८ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असंही सांगितलं की नागरी सेवा परीक्षेचे कच्चे गुण मागितले की दिलेच पाहिजेत असं नाही. तेव्हा अर्ज करताना फार गृहीत धरू नका.

राज्य सरकारच्या पदांचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जातो. त्याचंही खंडपीठ नागपुरात आहे, आणि साधारण एका वर्षाच्या आत जावं लागतं. समांतर आरक्षण चुकीचं लावलं, वैध प्रमाणपत्र असून ग्राह्य धरलं नाही, गुणांची बेरीज चुकली, अशा गोष्टी असतील तर वकिलाला कागद जरूर दाखवा. ‘माझ्या मते पर्याय दोनही बरोबर होता’ एवढंच असेल तर मी जाऊ नका म्हणेन. उत्तरतालिका बरोबर धरून चालायचं, शंका असली तरी फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यायचा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या रणविजय सिंह निकालात आहे. त्या वाटेने गेलेली मुलं मी बघितली आहेत. तारखांच्या मागे धावताना पुढच्या दोन जाहिराती हातून जातात.

गुण होते, पण कागदपत्र पडताळणीत बाद झालो.

हे सगळ्यात जिव्हारी लागतं, कारण अभ्यास पुरेसा झालेला असतो. बहुतेक वेळा नॉन-क्रिमीलेअरची तारीख, नावातला फरक, किंवा टायपिंगचं प्रमाणपत्र नडतं. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटाचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीचं हवं असतं. बाद केल्याचं कारण लेखी मागा. कारण चुकीचं असेल तर वरचं उत्तर लागू. बरोबर असेल तर या आठवड्यातच तहसील किंवा सेतू केंद्रात जाऊन ते कागद दुरुस्त करा. अभ्यास नंतर. दहावीची सनद, आधार आणि जातीचा दाखला एकमेकांशेजारी ठेवून नावातलं एकेक अक्षर जुळवून बघा.

पोलीस भरतीत ग्राउंडवरच दोन-तीन मार्कांनी गेलो.

ग्राउंड ५० गुणांचं, लेखी १०० चं. ग्राउंडला निम्मे गुण हवेतच, पण तेवढ्याने भागत नाही, कारण एका जागेला दहा या प्रमाणात वरून मुलं लेखीला घेतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटरला २० गुण आहेत, १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५. सगळे धावण्याच्याच मागे लागतात आणि गोळा भरतीच्या आधी पंधरा दिवस हातात घेतात. रेशीमबाग किंवा मानकापूरच्या मैदानावर पहाटे बघा, धावणारे शेकड्याने आणि गोळा फेकणारे मोजके. दोन-तीन मार्क तिथेच असतात. पिंडऱ्या दुखत असतील तर आधी त्या बऱ्या होऊ द्या. निकालाच्या रागाने दुसऱ्या दिवशी दुप्पट धावून पाय मोडून घेतलेली पोरं आहेत.

पुन्हा एक अटेम्प्ट देऊ का?

हा प्रश्न निकालानंतर किमान तीन आठवड्यांनी सोडवा. थोडक्यात गेलेल्या माणसाला उत्तर आधीच ठरल्यासारखं वाटतं : ‘इतकं जवळ आलो, आता सोडायचं कसं?’ जवळ येणं हे कारण एकट्याने पुरेसं नाही. मी त्यांना वहीच्या एका पानावर काही गोष्टी लिहायला लावते.

आतापर्यंतच्या प्रत्येक परीक्षेत तुम्ही कट-ऑफपासून किती लांब होता, ते लिहा. नुसते गुण लिहू नका, पेपर सोपा-अवघड होत असतो. अंतर दर वेळी कमी होत आलं असेल तर ते बोलकं आहे. एकदा जवळ, मग लांब, मग पुन्हा जवळ असं असेल तर यावेळचं जवळ येणं योगायोगाचंही असू शकतं, आणि हे मान्य करणं फार जड जातं.

मग पुढची परीक्षा तीच राहिली आहे का ते बघा. राज्यसेवा आता वर्णनात्मक झाली आहे : लेखी १७५० आणि मुलाखत २७५, एकूण २०२५ गुण. जुन्या बहुपर्यायी मुख्य परीक्षेत तुम्ही दोन मार्कांनी राहिलात, म्हणून या नव्या परीक्षेतही दोनच मार्कांवर आहात असं नाही. उत्तरं लिहायचा सराव नसेल तर बरेच मागे आहात, आणि लिखाण चांगलं असेल तर कदाचित पुढे.

मग पैसे. खोली, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, फॉर्म. २०२३ च्या तलाठी भरतीला नुसत्या अर्जाचे खुल्या प्रवर्गाला १००० आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये होते. वर्षाचा आकडा लिहा आणि तो कुठून येणार हेही लिहा. सोयाबीन विकून येणार असेल तर तसंच लिहा. वडिलांना तो आकडा दाखवा. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गातले असाल तर महाज्योती या सरकारी संस्थेचं कार्यालय इथेच नागपुरात आहे. अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी. प्रशिक्षणाच्या जाहिराती येतात, तेव्हा खासगी क्लासची फी भरण्याआधी तिथे बघा.

आणि शेवटी एक तारीख. अमुक परीक्षेचा निकाल लागेपर्यंत, त्यानंतर नाही. ती तारीख एका माणसाला सांगून ठेवा, जो तुम्हाला ती आठवण करून देईल. घरच्यांपेक्षा मोठी बहीण किंवा जुना मित्र बरा.

वय संपत आलंय. घरी लग्नाचं बघतायत.

वयाचं गणित पदानुसार वेगळं आहे. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, पोलीस शिपायाला २८ आणि ३३, पीएसआयला ३१ आणि ३४. एक दार बंद होत असलं तरी दुसरं उघडं असू शकतं, पण जाहिरात निघेलच असं धरू नका.

मुलींना हे जास्त सोसावं लागतं. भावाला ‘दे अजून एक वर्ष’ म्हणतात आणि बहिणीला स्थळ दाखवतात. मला हे अजिबात पटत नाही आणि आईवडील आले की मी तसं तोंडावर सांगते. मुलींना माझा सल्ला आहे की ‘अजून थोडे दिवस’ असं मागू नका. वर लिहिलेलं पान, आकडे आणि तारीख घेऊन बसा. नेमकं मागितलेलं वर्ष मिळायची शक्यता जास्त असते.

नोकरी धरली तर अभ्यास सुटेल. मग हार मानल्यासारखं नाही का?

नाही. पगार हातात आला की परीक्षा देतानाचा हात कमी थरथरतो, हे मी बघते. एमपीएससीच्याच आशेवर बसू नका. स्टाफ सिलेक्शन, रेल्वे, बँका यांचा निम्मा अभ्यास तोच आहे, गणित आणि इंग्रजी वाढवावं लागतं. वेकोलि (कोळशाची वेस्टर्न कोलफील्ड्स) आणि मॉयल (मँगनीजची सरकारी कंपनी) यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. बुटीबोरी, हिंगणा, मिहानमध्ये कामं आहेत. आणि काही जण नोकरीत रमतात, पुन्हा फॉर्म भरत नाहीत. त्यांना मी विचारत नाही की का सोडलं.

कुणीतरी म्हणतंय, ‘एवढ्याशाने गेलं, पैसे दे, वेटिंगमधून वर काढतो.’

थोडक्यात गेलेल्यांचेच नंबर ही माणसं शोधतात. निकालाची यादी सगळ्यांपुढे असते, त्यामुळे कुणाला गाठायचं हे त्यांना कळतं. एक रुपयाही देऊ नका, शेत तर मुळीच गहाण टाकू नका. मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांकडे द्या. पैसे दिलेत तर बुडतीलच, वर गुन्ह्यात तुमचंही नाव येऊ शकतं.

आम्ही पालक आहोत. काय बोलावं कळत नाही.

पहिला महिना ‘पुढे काय?’ विचारू नका. जेवायला बसवा, शेतावर किंवा दुकानात सोबत न्या, काम सांगा. शेजारच्याच्या मुलाचं उदाहरण देऊ नका. तुमच्याकडे पैसे किती आहेत आणि किती दिवस पुरतील, हे खरं सांगा. मुलांना ते माहीत नसतं, आणि मनातल्या मनात ती त्याचा भलता अंदाज बांधून अपराधी होत राहतात.

नोट्स आणि पुस्तकांचं काय करू?

चालू घडामोडींची जुनी मासिकं ठेवून उपयोग नाही, वर्षभरात शिळी होतात. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या दुकानात द्या. इतिहास, भूगोल, राज्यघटनेची मूळ पुस्तकं आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मात्र ठेवा, अटेम्प्ट द्यायचा नाही असं ठरलं असलं तरी. पुढच्या जूनमध्ये गावाकडून नवी मुलं येतात, त्यांच्याकडे पहिल्या महिन्यात पुस्तकांना पैसे नसतात. आमच्याकडे दाराशेजारी एक कपाट त्यासाठीच आहे. आत नाव लिहिलेलं असलं तरी चालतं, पानांवर खुणा केलेल्या असल्या तर जास्तच चांगलं.